तक्ता उतरवा, ठोकळे द्या

बडोद्यातल्या बालवाडीच्या वर्गात शिरलं की भिंतीवर आकारांचा तक्ता हमखास दिसतो. घन, इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू, गोल. प्रत्येकाखाली नाव आणि शेजारी एकेक वस्तू: फासा, वीट, डबा, आइस्क्रीमचा कोन, चेंडू. शाळा गुजराती माध्यमाची असो, इंग्रजी की मराठी, चित्रं तीच; खालची अक्षरं तेवढी बदलतात. बाई पट्टी टेकवतात, वर्ग सुरात नाव म्हणतो आणि 'थ्री-डी शेप्स झाले' अशी नोंद होते.

मग त्याच वर्गातल्या एखाद्या मुलाच्या तळहातावर कॅरमचा स्ट्रायकर ठेवून विचारा, हा तक्त्यातल्या कोणासारखा? उत्तर बहुधा 'गोल' येतं आणि बोट चेंडूकडे जातं. स्ट्रायकर ही बुटकी वृत्तचिती आहे हे कळायला तक्त्यात काहीच आधार नाही, कारण तिथली वृत्तचिती कायम उभी आणि उंच. डबा नुसता आडवा केला तरी काही मुलं अडखळतात. नाव पाठ झालेलं असतं, आकाराशी ओळख झालेली नसते.

म्हणून आमचं म्हणणं असं: पाच-सहा वर्षांच्या मुलांना घनाकृतींची नावं विचारणं बंद करावं, चित्र बघून नाव लिहायचा प्रश्न तिसरीपर्यंत परीक्षेत नसावा, आणि तक्ते व रंगीत कार्यपुस्तिका यांच्यावर जाणारा पैसा लाकडी ठोकळ्यांच्या संचांकडे वळवावा. गुजरातेत २०२३ पासून पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षं पूर्ण लागतात आणि त्याआधीचं वर्ष बालवाटिकेचं झालं आहे. म्हणजे एक अख्खं वर्ष हाती आलं आहे. ते पहिलीचा अभ्यास आधी उरकण्यात घालवायचं की हातांना काम देण्यात, हे आत्ताच ठरवायला हवं. एकदा कार्यपुस्तिका छापून वाटल्या की पुढची पाच वर्षं तोच अभ्यासक्रम होऊन बसतो.

चित्राला इतका विरोध का, असं कुणी विचारेल. तक्त्यावरचा घन नीट बघा. त्यात एक चौरस असतो आणि दोन तिरके चौकोन. खऱ्या घनाच्या सहाही बाजू चौरस असतात. तिरका काढलेला चौकोन हा चौरसच समजायचा, आणि मागच्या तीन बाजू दिसत नसल्या तरी आहेत असं धरून चालायचं, हा मोठ्या माणसांनी आपापसांत ठरवलेला संकेत आहे. ज्यानं घन हातात फिरवलेला आहे त्याला तो वाचता येतो. ज्यानं फिरवलेला नाही त्याच्यासाठी ते तीन चौकोनांचं एक विचित्र चित्र. पाच वर्षांच्या मुलाला खोकं काढायला सांगा. ते एकच चौरस काढील, नाहीतर सगळ्या बाजू कागदावर पसरून टाकील. तो चुकतो आहे असं म्हणण्यात अर्थ नाही. त्याला जे माहीत आहे ते तो काढतो, आणि पसरलेल्या बाजू काढणारं मूल तर खोक्याबद्दल तक्त्यापेक्षा जास्त खरं सांगत असतं. गोलाचं तर विचारूच नका. कागदावरचा गोल म्हणजे कडेला थोडी छाया दिलेलं वर्तुळ. मग मुलानं चेंडूला 'सर्कल' म्हटलं तर दोष कुणाचा?

डच शिक्षक-दांपत्य पिएर आणि दिना व्हॅन हीले यांनी १९५७ मध्ये भूमिती शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकार एकूण रूपावरून ओळखतं: हे डब्यासारखं दिसतं, म्हणून हे ते. दुसऱ्या पायरीवर ते गुणांवरून ओळखू लागतं: दोन सपाट सारख्या बाजू, मधली वळलेली, म्हणून हे ते, मग उंच असो की बुटकं. वय वाढलं म्हणून मूल पायरी चढत नाही, तसे अनुभव मिळाले तर चढतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तक्ता मुलाला पहिल्या पायरीवरच बसवून ठेवतो. चौथी-पाचवीत 'पृष्ठं किती, कडा किती, कोपरे किती' असं विचारलं की हीच मुलं 'घन ६, १२, ८' हा पाढा घोकतात. त्रिकोणी चिती, म्हणजे दोन्ही टोकांना त्रिकोण असलेला ठोकळा, समोर आली की पाढा संपतो.

यात नवं काही नाही. १८३७ मध्ये जर्मनीत पहिलं बालोद्यान काढणाऱ्या फ्रोबेलच्या साहित्यात लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती आहेत. ती दोरीला टांगून गरगर फिरवायची. फिरणारा घन डोळ्यांना वृत्तचितीसारखा दिसतो, आणि मुलं थांबवून थांबवून खात्री करून घेतात. मॉन्टेसरीच्या वर्गातले निळे घनाकार तर बहुतेकांना माहीत आहेत. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला हेच साहित्य गुजराती मुलांच्या हातात दिलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला, आणि पुढे ताराबाई व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला महागड्या साहित्याच्या जागी परिसरातल्या वस्तू आणल्या. बडोद्यात तर महाराजा सयाजीराव विद्यापीठात बालविकासाचा विभाग आहे, त्याला जोडलेली चेतन बालवाडी आहे. जाणकारांची वाण नाही. एनसीईआरटीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकातही त्रिमितीय आकारांचा धडा आधी येतो आणि सपाट आकार नंतर, तेही सावल्यांच्या खेळातून. म्हणजे पुस्तकानं वाट मोकळी करून दिली आहे. अडतं ते बालवाडीत, जिथे ज्युनिअर केजीत सर्कल-स्क्वेअर-ट्रँगल आणि सीनिअर केजीत त्यांचे 'थ्री-डी भाऊ' असा उलटा क्रम रूढ झाला आहे.

उलटा अशासाठी, की नुसता सपाट आकार मुलाच्या हातात कधी येतच नाही. शाळेत 'ट्रँगल' म्हणून मिळणारा प्लास्टिकचा तुकडा ही पातळ त्रिकोणी चिती असते. त्याला जाडी आहे, तीन अरुंद आयताकार बाजू आहेत. मूल ती जाडी बोटांनी चाचपत असतं आणि बाई सांगत असतात की हा त्रिकोण. त्रिकोण त्या तुकड्याच्या वरच्या बाजूचा आहे. हे सांगायची वेळ ठोकळे हाताळून झाल्यावर येते.

आता वर्गात नेमकं काय करायचं. पहिले दोन आठवडे काहीच शिकवायचं नाही. चटईवर ठोकळे ठेवायचे आणि मुलांना रचू द्यायचं. 'तो शंकू दे' असं बाई सहज बोलतील, बोलावंच. नाव कानावरून जाऊ द्यावं, विचारू मात्र नये. शंकूवर काही ठेवता येत नाही, तो सगळ्यांत वर जातो. गोल कुठेच थांबत नाही, त्याला जुनी बांगडी खाली ठेवावी लागते. वृत्तचिती उभी केली तर खांब होते आणि आडवी केली तर पळते. हे मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळतं आणि कुणी सांगावं लागत नाही.

त्यानंतर उताराची फळी. साठ सेंटिमीटर लांबीची साधी लाकडी फळी, एका टोकाखाली दोन वह्या किंवा पुस्तकं, म्हणजे सहा ते आठ सेंटिमीटर उंची. एवढ्यावर गोल आणि आडवी वृत्तचिती घरंगळतात, घन आणि वीट जागची हलत नाहीत. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे उतार जास्त ठेवणं. फळीचं टोक वीस सेंटिमीटर उचललं की घनही घसरत खाली येतो, आणि मुलं म्हणतात की घनसुद्धा घरंगळतो. घसरणं आणि घरंगळणं यांत फरक करायचा तर आधी मंद उतार हवा, मग तीव्र. चकचकीत सनमायकाची फळी नको. तिच्यावर मंद उतारालाही खोकी सटकतात. सनमायकाच असेल तर वर सुती कापड ताणून बांधावं.

या फळीवर सगळ्यांत मजेचा प्राणी शंकू. तो सरळ खाली येत नाही. वळसा घेतो आणि बहुधा जाड बाजू खाली करून थांबतो. मग तो सपाट फरशीवर लोळवावा. टोक एका जागी राहतं आणि तळ त्याभोवती वर्तुळ काढतो. तळाचा व्यास ६ सेंटिमीटर आणि उंची १० असेल, तर तिरकी बाजू साधारण १०.४ सेंटिमीटर होते. तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ फरशीवर उमटतं आणि एक फेरी पुरी व्हायला शंकूला जवळपास साडेतीन वेळा लोळावं लागतं. हा हिशेब आठवीतल्या मुलांसाठी. पाच वर्षांच्या मुलाला एवढं दिसलं तरी पुरे, की चेंडू कुठेही जातो, डबा सरळ जातो आणि शंकू घराभोवती फिरतो. चेंडूला 'सर्कल' म्हणणारं मूल हे पाहिल्यावर डबा आणि चेंडू यांची गल्लत करत नाही.

पिशवीचा खेळ बहुतेक बालवाड्यांत माहीत आहे, पण तो नीट खेळला जात नाही. पिशवीत रबरी चेंडू, पत्र्याचा डबा आणि पुठ्ठ्याचं खोकं टाकतात. मुलाचा हात पत्र्याच्या गारव्याला लागला की ते डबा ओळखतं. आकाराचा संबंध येतच नाही. पिशवीतल्या वस्तू एकाच लाकडाच्या आणि साधारण एकाच मापाच्या हव्यात. सुरुवातीला तीनच: गोल, घन, वृत्तचिती. बाहेर टेबलावर एक ठोकळा ठेवायचा आणि म्हणायचं, आतून याचा जोडीदार काढ. हे जमलं की बाहेरचा ठोकळा झाकायचा. सगळ्यात शेवटी, आत हात घालून न काढता सांगायचं: टोचतंय का, किती ठिकाणी, सपाट कुठे आहे. इथे मुलांच्या तोंडून येणारे शब्द सोन्यासारखे असतात. 'कोपरा', 'धार', 'चपटं', 'टोकदार', आणि घरची मराठी-गुजराती मिसळून आलेले दहा शब्द. ते सुधारत बसू नये. कोपऱ्यासाठी शिरोबिंदू हा शब्द पाचवीत आला तरी काही बिघडत नाही.

सपाट आकार इथूनच निघतात, ठशांमधून. गेरू पाण्यात बासुंदीइतका दाट कालवून, चौपदरी सुती कापडावर पसरून त्याचा पॅड करावा. पातळ झाला तर कडा फुटतात आणि चौरसाचा डाग होतो. घन दाबला की चौरस, कुठलीही बाजू दाबा, चौरसच. वीट दाबली तर टोकांना चौरस आणि बाकी बाजूंना आयत. वृत्तचितीच्या दोन्ही टोकांना वर्तुळ, आणि ती लोळवली की लांब पट्टा. शंकू एकच वर्तुळ देतो. गोलाचा येतो फक्त एक ठिपका, आणि सगळी मुलं एकापाठोपाठ एक जोरानं दाबून बघतात, ठिपका मोठा होतो का ते. ठशांचा कागद वाळला की 'हा ठसा कुणाचा?' असा प्रश्न विचारता येतो, आणि वर्तुळाचं उत्तर एकच नाही हे वर्गाला कळतं: ते वृत्तचितीचं असेल किंवा शंकूचं.

सावल्यांनीही हेच करता येतं, पण तिथे एक खाच आहे. सकाळच्या उन्हात चेंडूची जमिनीवरची सावली लांबट पडते, वर्तुळ पडत नाही. बाई म्हणतात वर्तुळ, मुलाला दिसतं अंड्यासारखं, आणि मूल बाईंचं ऐकतं. हे वाईट. सावली जमिनीवर न घेता पुठ्ठ्यावर घ्यावी आणि पुठ्ठा सूर्याकडे सरळ तोंड करून धरावा. बडोदं कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला असल्यानं जून-जुलैत दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. ढग नसतील तर तेव्हा जमिनीवरही चालतं. वृत्तचिती फिरवली की तिची सावली कधी आयत होते, कधी वर्तुळ. घनाचा एक कोपरा बरोबर सूर्याकडे केला तर सावली षट्कोनी पडते. हे शेवटचं मोठ्या मुलांना दाखवावं. षट्कोन बघून सातवीची मुलंही वाद घालतात.

मोजणीची घाई पहिलीत नको, दुसरीच्या शेवटी ठीक. घनाच्या बाजू मोजताना मुलं पाच किंवा सात मोजतात, कारण ठोकळा हातात फिरतो आणि कुठून सुरुवात केली ते विसरतं. प्रत्येक बाजूवर कागदाची टिकली चिकटवत जायचं, टिकल्या मोजायच्या. कोपऱ्यांना मातीचे लहान गोळे. कडांसाठी सगळ्यात चांगली युक्ती फ्रोबेलच्याच परंपरेतली: काड्या आणि भिजवलेले चणे. काबुली चणे रात्रभर भिजवावेत, सकाळी निथळून तासभर कापडावर सुकवावेत. कमी भिजले तर टूथपिक शिरत नाही, दोन दिवस भिजले तर चणा फुटतो. सांगाडा करून ठेवला की दुसऱ्या दिवशी चणे वाळून काड्या घट्ट धरतात. घनाला १२ काड्या आणि ८ चणे लागतात. चणे म्हणजे कोपरे, काड्या म्हणजे कडा, मोजायचं काही उरतच नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र चण्याऐवजी मळलेली माती द्यावी. ते वय चणे नाकात घालायचं असतं.

या सांगाड्यांत एक गोष्ट आपोआप समोर येते. घनाचा सांगाडा बोटानं ढकलला की तिरका होतो. ६ काड्या आणि ४ चण्यांचा, चारही बाजू त्रिकोणी असलेला सांगाडा हलत नाही. घनाच्या प्रत्येक बाजूला कर्णाची काडी लावली की तोही ताठ उभा राहतो. इतकं झाल्यावर मुलांना ईएमई या लष्करी दलाच्या दक्षिणामूर्ती मंदिरात न्यावं. लष्कराच्या अभियंत्यांनी साठच्या दशकात उभं केलेलं हे मंदिर म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलेला त्रिकोणांचा घुमट. लांबून गोल दिसतं, जवळ गेलं की सपाट तुकडे आणि सरळ कडा. सहलीत फोटो काढून परत येणाऱ्या शाळा या घुमटासमोर पंधरा मिनिटं थांबल्या तर पाचवीचा अर्धा धडा तिथेच होईल.

खोकी उलगडणं तिसरी-चौथीत. टूथपेस्टचं खोकं उघडायला सांगितलं की बाजू सहापेक्षा जास्त येतात, कारण चिकटवण्यासाठी ठेवलेल्या पट्ट्या मोजल्या जातात. त्या आधी कापून टाकाव्यात, मगच खोकं पसरावं. सहा चौरस कडेला कडा लावून जोडायचे ३५ प्रकार आहेत आणि त्यांतले फक्त ११ घडी घालून घन होतात. चौथीच्या वर्गाला हे आकडे न सांगता जुन्या लग्नपत्रिकांचे सहा-सहा चौरस आणि चिकटपट्टी द्यावी. गट करून दिले तर आठवडाभरात वर्ग सात-आठ घडणी तरी शोधतो. चारपाच घडणी सापडल्यावर मुलं 'आता नाहीत' म्हणतात. तेव्हा आणखी आहेत एवढंच सांगावं. शंकूच्या बाबतीत मात्र शेंगदाण्याची पुडी फसवते. पुडी उघडली की हातात चौकोनी कागद येतो, कारण फेरीवाला चौकोनी कागदच गुंडाळतो आणि जास्तीचा भाग आत दडपतो. पुडीचा वरचा काठ सारखा कापून, एकावर एक आलेला भाग काढून टाकला तरच वर्तुळाची फोड दिसते. वृत्तचितीसाठी सुरळीची वडी पुरेशी आहे. ती थापताना सपाट असते आणि गुंडाळल्यावर वळते, हे घरी रोज दिसतं.

आता ज्यावर शिक्षकांत खरोखर भांडणं होतात तो मुद्दा. वृत्तचितीला पृष्ठं किती? कुणी तीन म्हणतं, कुणी दोनच. कडा? दोन किंवा शून्य. एका मार्गदर्शकात एक उत्तर, दुसऱ्यात दुसरं, आणि मुलाचे गुण जातात. यात गणिताचा दोष नाही, प्रश्नाचा आहे. पृष्ठ, कड आणि शिरोबिंदू हे शब्द सपाट बाजूंच्या घनाकृतींसाठी नीट बसतात, आणि शिरोबिंदू वजा कडा अधिक पृष्ठं बरोबर २ हे ऑयलरचं सूत्र तिथे चालतं: घनाला ८ वजा १२ अधिक ६. वृत्तचितीला ० वजा २ अधिक ३ घातलं की १ येतं आणि हुशार मूल गोंधळतं. डब्यावर जसा उभा सांधा असतो तसा एक सांधा धरला, तर शिरोबिंदू २, कडा ३, पृष्ठं ३ होतात आणि सूत्र पुन्हा बसतं. पण हे आठवीत, हौस असलेल्यांना. तिसरी-चौथीत एवढंच विचारावं: सपाट बाजू किती आणि वळलेल्या किती. त्याला एकच उत्तर आहे. वाद असलेला आकडा छापील प्रश्नपत्रिकेत घालून लहान मुलांचे गुण कापणं हा निव्वळ आळस आहे.

आक्षेप दोन ऐकू येतात. पहिला पालकांचा: शेजारच्या शाळेतली मुलं 'सिलिंडर, कोन, क्युबॉइड' घडाघडा म्हणतात, आमचं मूल मागे पडेल. प्रवेशासाठी मुलांची चाळणी करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मनाई केली आहे, तरी प्रवेशाच्या वेळी मुलाला काहीतरी म्हणायला लावायची सवय गेलेली नाही, त्यामुळे ही भीती अगदीच खोटी नाही. पण नाव शिकायला किती वेळ लागतो? ज्या मुलानं शंकू महिनाभर लोळवला आहे त्याला 'कोन' हा शब्द एका दुपारी येतो. उलट बाजूनं ते होत नाही.

दुसरा शिक्षिकांचा, आणि तो जास्त वजनदार आहे: एका वर्गात चाळीस मुलं, मदतनीस नाही, ठोकळे हरवतात, फेकले जातात. यावर उपाय आहेत, फुकटचे नाहीत. चाळीस मुलांना एकदम ठोकळे द्यायचेच नाहीत. आठ-आठचे पाच गट, त्यांतले दोन ठोकळ्यांवर, बाकीचे मातीकाम, चित्र, गोष्ट यांवर; दिवसाआड गट बदलायचे. ट्रेच्या तळाला प्रत्येक ठोकळ्याची बाह्यरेषा रंगवून ठेवली की संच परत ठेवताना रिकामी जागा लगेच दिसते आणि मुलंच शोधायला लागतात. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांना संच मिळाले तर सोबत ट्रेही मिळावेत. नुसते ठोकळे पोत्यात भरून आले तर वर्षभरात ते कपाटावर जातील.

टाकाऊतून टिकाऊ असा एक सोपा मार्ग सुचवला जातो. तो निम्माच खरा आहे. खोकी, डबे, झाकणं जरूर आणावीत. उंच-बुटक्या, जाड-बारीक अशा विविध वृत्तचित्या त्यातूनच मिळतात आणि ते विविधपण लागतंच. पण स्टीलचा पेला खाली निमुळता असतो, तो वृत्तचिती नाही. आइस्क्रीमचा कोन पोकळ आणि बिनतळाचा. फाशाचे कोपरे गोलसर केलेले. सूची, म्हणजे पिरॅमिड, तर टाकाऊत सापडतच नाही. अचूक नमुना एकदा हातात आल्यावर मग पेला समोर ठेवून 'हा का नाही?' असं विचारण्यात मजा आहे. आधी पेलाच दिला तर अचूक काय ते कळायला मार्ग नाही.

तो अचूक नमुना बडोद्याला जवळच मिळू शकतो. पन्नासेक किलोमीटरवरचं संखेडं सागाच्या लाकडावरच्या खरादकामासाठी, म्हणजे लाकूड फिरवून घडवण्यासाठी, आणि लाखेच्या रंगकामासाठी प्रसिद्ध आहे. पाळणे आणि खुर्च्यांचे पाय उतरवणारे खरादी गोल, वृत्तचिती आणि शंकू सहज उतरवतील. घन, वीट, त्रिकोणी चिती आणि सूची यांना करवत आणि रंधा लागतो. हा फरकसुद्धा शिकवण्यासारखा आहे: जे फिरवून घडतं ते घरंगळतं. १८९० मध्ये कलाभवन काढून कारागिरी आणि शिक्षण एका छताखाली आणणाऱ्या, आणि १९०६ मध्ये सक्तीचं प्राथमिक शिक्षण संस्थानभर नेणाऱ्या सयाजीरावांच्या गावानं अशी ऑर्डर द्यायला इतकी वर्षं लागावीत, हे जरा नवलच.

मागणी नोंदवताना मापं नेमकी द्यावीत. घनाची बाजू ६ सेंटिमीटर, गोलाचा व्यास ६, वृत्तचिती आणि शंकू ६ व्यासाचे आणि १० उंच, वीट ६ गुणिले ६ गुणिले १०, सूचीचा पाया ६ चा चौरस आणि उंची १०, त्रिकोणी चितीची बाजू ६ आणि लांबी १०. सगळीकडे ६ ठेवण्याचं कारण असं, की शंकू वृत्तचितीवर तंतोतंत बसतो, सूची घनावर बसते आणि वृत्तचितीचं वर्तुळ घनाच्या चौरसात कडांना टेकून मावतं; मुलं हे जुळवत बसतात. यांच्या जोडीला दीड सेंटिमीटर जाडीची एक चकती, ३ सेंटिमीटर जाडीची एक चपटी वीट आणि ४ सेंटिमीटरचा एक छोटा घन, म्हणजे आकार तोच आणि माप वेगळं हे कळतं. ४.५ सेंटिमीटरपेक्षा लहान गोळा तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मागवू नये; तो घशात अडकू शकतो. सगळे ठोकळे एकाच रंगाचे हवेत. शंकू लाल आणि घन निळा केला की मुलं रंग पाठ करतात, आकार नाही. बाजारातले बहुतेक प्लास्टिकचे संच याच एका कारणानं वाया जातात. लाखेऐवजी ऑइलपेंट लावणार असतील तर डब्यावर शिशाचं प्रमाण बघून घ्यावं. कायद्यानं ते दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही. शंकूचं टोक दोन मिलिमीटर गोलसर करून घ्यावं, घनाच्या कडा मात्र गोल करू देऊ नयेत, फक्त कुसळ जाईल इतका पॉलिश पेपर मारायला सांगावा. तीस मुलांच्या वर्गाला असे तीन संच पुरतात. आणि नमुना मंजूर करण्याआधी तीन शंकू फरशीवर लोळवून पाहावेत. ज्याची फेरी पहिल्याच वळणावर डगमगते त्याचा तळ नीट उतरलेला नसतो, तो तिथल्या तिथे परत द्यावा.